अकरावं घर

१० जून २०२४, सोमवार

युनिव्हर्सिटीचा मेल आला. ही शेवटची मुदतवाढ. ऑक्टोबरमध्ये कमिटीपुढे प्रेझेंटेशन आणि ३१ डिसेंबरच्या आत थिसिस सबमिट. नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. भाषा अत्यंत उर्मट. ज्या ऑफिसात फोन उचलायला माणूस नाही, ते ऑफिस मला मुदत शिकवणार.

दुपारी प्रिन्सिपल ममता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. हिंदीत गोड बोलल्या. सबनीस सर, मॅनेजमेंट पूछ रहा है, दिसंबर तक पीएचडी सबमिट नहीं हुई तो जनवरी से आपको ज्युनियर कॉलेज में शिफ्ट करना पडेगा. म्हणजे अकरावीच्या पोरांना शेकडेवारी. मी! ऑपरेशन्स रिसर्चचा माणूस! कमीत कमी वेळात जास्तीत जास्त काम कसं करावं हे ज्या शास्त्राने जगाला शिकवलं, त्या शास्त्राचा माणूस. माझ्या रजिस्ट्रेशनला सात वर्षं झाली हे खरं, पण ती विषयाच्या खोलीमुळे.

संकल्प: रोज चार तास थिसिस. आज तीन लेक्चर्स झाली, डोकं जड आहे. उद्यापासून.

१२ जून, बुधवार

काल काही झालं नाही, कारण प्लॅनशिवाय कामाला लागणं हे अडाण्यांचं लक्षण. आज प्लॅन.

सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरून मोठा चार्ट पेपर आणला. पूर्ण पीएचडीचा पर्ट चार्ट काढला. प्रत्येक काम एक गोल, एका गोलातून दुसऱ्यात बाण, आणि सगळ्यात लांबची वाट लाल रंगात. तिला म्हणतात क्रिटिकल पाथ. तिच्यावरचं एक काम रखडलं की सगळं रखडतं. चार्ट कपाटाच्या दारावर चिकटवला. इतका देखणा चार्ट आख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये नसेल.

नीलिमा कामावरून आली, पर्स न काढता चार्टपुढे उभी राहिली आणि विचारलं, यात लिहायचं कुठे आहे? मी दाखवलं. खाली उजवीकडे, चौदावा गोल. बरं, म्हणाली. बायकोच्या 'बरं'ला उत्तर द्यायचं नसतं. तिचं माहेर रत्नागिरीकडचं. सगळं गोत भाईंदर आणि मीरा रोडला येऊन राहिलंय. त्या घराण्यात आकड्यांचा उपयोग फक्त रमी खेळताना होतो.

२४ जून, सोमवार

संचिताचा व्हायवा झाला. आता ती डॉ. संचिता. स्टाफरूममध्ये टाळ्या, सेल्फी, वगैरे. माझ्या मागून तीन वर्षांनी लागलेली पोरगी. विषय काय, तर नया नगरमधल्या बेकऱ्यांनी रोज किती पाव भाजावेत. पाव! दोन वर्षं पहाटे बेकऱ्यांबाहेर उभी राहून उरलेले पाव मोजत होती. याला मी रिसर्च म्हणत नाही, नाश्ता म्हणतो.

एका बेकरीवाल्याने तिच्याबरोबर खारी पाठवली होती. मूल्यमापनासाठी चार खाल्ल्या. खारी उत्तम. थिसिस वाचण्याची गरज वाटली नाही.

जाताना म्हणाली, सर, कोडिंगला मदत लागली तर सांगा हं. सांगा हं! सौजन्याच्या नावाखाली हल्ली काय वाटेल ते बोलतात.

६ जुलै, शनिवार

गाइडकडे गेलो. डॉ. बाबाजी म्हात्रे. सर मूळचे इथलेच, आगरी. पेणकरपाड्यात चहूबाजूंनी बिल्डिंगा उठल्या तरी मधोमध त्यांचं बैठं घर आणि पुढचं अंगण अजून तसंच. माझ्या घरापासून स्कूटरवर पाच मिनिटं. एवढी वर्षं युनिव्हर्सिटीत शिकवून भाषा मात्र हाय-न्हायच्या पुढे सरकलेली नाही. माझा जन्म गिरगावातला, कानांना त्रास होतो.

सरांना शीर्षक वाचून दाखवलं. 'अ युनिफाइड फ्रेमवर्क फॉर मल्टि-ऑब्जेक्टिव्ह राउटिंग अंडर अर्बन अनसर्टन्टी.' सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, सबनीस, चौकट झ्याक हाय, पर आत फोटो कुठं हाय? त्यांचं म्हणणं, एक गाडी घे, दहाबारा ठिकाणं घे, कुठल्या क्रमाने फिरलं की वाट सगळ्यात कमी पडते ते काढ, आणि एक दिवस खरंच तसा फिरून दाखव. ते जमलं की थिसिस झाला.

म्हणजे सात वर्षांचं चिंतन आणि शेवटी टेम्पोवाल्याचं काम. मी फक्त हसलो.

सरांच्या आई, दुर्गा आजी, दारात बसल्या होत्या. नव्वदीच्या घरात असतील. मला ओळखलं. सरांना विचारलं, ह्यो अजून शिकतोच हाय का? त्या वयात माणसाची स्मृती जाते म्हणतात. यांची जायला हरकत नव्हती.

१९ जुलै, शुक्रवार

डेटासाठी भाईंदरच्या एका कुरियरवाल्याकडे गेलो. त्याला दहा मिनिटं शास्त्र समजावलं. तो म्हणाला, सर, पहले एक महिना मेरे गोडाउन में बैठो, माल चढाओ-उतारो, फिर समझ में आएगा. गोडाउनमध्ये पंखा नाही. आत सुकट आणि टायर यांचा मिश्र वास. असल्या ठिकाणी ज्ञाननिर्मिती होत नसते. नाही म्हणून आलो.

पर्ट चार्टची तिसरी आवृत्ती काढली. चौदावा गोल आता सतरावा आहे.

११ ऑगस्ट, रविवार

सुचलं! दाढी करताना सुचलं. असंच सुचतं मोठ्या माणसांना.

गणपती! दरवर्षी नीलिमा मला मागे बसवून (स्कूटर तीच चालवते, मला ट्रॅफिकची शिसारी आहे) तिच्या नातेवाइकांकडे दर्शनाला फिरते. दहा घरं. भाईंदर वेस्टला पंढरीनाथमामा, मग परत इकडे, मग पुन्हा उड्डाणपूल ओलांडून तिकडे मंदामावशी, मग परत इकडे. कसलाही विचार नाही. एकाच पुलावरून एका दिवसात चारदा. पंधरा वर्षं मी हे पेट्रोलचं श्राद्ध मुकाट पाहतोय.

यंदा क्रम मी ठरवणार. एक वाहन, दहा घरं, खरा दिवस, खरा रस्ता. गोडाउन नको, कुरियरवाला नको. आणि शेवटी मोदक.

सरांना फोन केला. चक्क खूश झाले. म्हणाले, माझं पन घर घाल त्यात, अकरावं. आमचा दीड दिवसाचा हाय, दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन, त्याच्या आधी आरतीला ये, वहिनींना घेऊन ये, आई पन इचारते तुला. मी म्हटलं, जरूर. सरांना या वयात विद्यार्थ्याकडून शिकायला मिळतंय, हे थोडं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

मॉडेल तयार. संचिताकडून फक्त सॉफ्टवेअर घेतलं. (कोड तिचाच आहे, पण आकडे माझे.) वाट जवळजवळ एक तृतीयांश कमी होते. एक तृतीयांश!

गृहीतक: प्रत्येक घरी दहा मिनिटं.

नीलिमाला दाखवलं. 'दहा मिनिटं' वाचून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, पंढरीनाथमामांकडे नुसत्या आरत्याच पाऊण तास चालतात. आणि हे काय, रोहितकडे आधी आणि मामांकडे मग? रोहित म्हणजे मामांच्या धाकट्या भावाचा मुलगा. मी सांगितलं, रोहितचं घर पुलाच्या अलीकडे आहे. ती म्हणाली, मामांचा मान पहिला, ते घरात मोठे. मी शांतपणे समजावलं की अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, वेळ मिनिटांत मोजतात. मानाला एकक नाही, तेव्हा तो मॉडेलमध्ये घेता येत नाही.

ती म्हणाली, घेता येत नाही की तुम्हाला येत नाही? मी चर्चा थांबवली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या चतुर्थी. शेवटचा आढावा: शनिवारी सहा घरं, रविवारी पाच.

गिरगावातून दादाचा फोन आला. आमचा घरचा गणपती त्याच्याकडे बसतो. कधी येतोस म्हणाला. यंदा जमणार नाही म्हणून सांगितलं. माझ्या मॉडेलची हद्द मीरा-भाईंदर आहे. तो म्हणाला, गणपतीला हद्द? दादा बँकेत होता, त्याच्याशी वाद नको.

नीलिमाची एक शेवटची सूचना. सरांचं घर शेजारीच आहे तर रविवारी आधी तिकडे जाऊन येऊ, मग बाकीची घरं. माझ्या वाटेत सरांचं घर सगळ्यात शेवटी येतं, परतताना. तिला सांगितलं की ही वाट बंद वर्तुळासारखी आहे. ती म्हणाली, मग उलटीकडून फिरू. उलटीकडून! अंतर तेवढंच राहतं, पण संगणकाने दिलेला क्रम कोणी असा सासरच्या हट्टापायी उलटा करतं का?

(माहेरच्या हट्टापायी. ती चिडली की माझी भाषा घसरते.)

७ सप्टेंबर, शनिवार, सकाळी

गणपती बाप्पा मोरया. स्कूटरची टाकी फुल. मोबाइलवर स्टॉपवॉच. निघालो.

७ सप्टेंबर, संध्याकाळी

सहा घरं ठरली होती, तीन झाली. मॉडेलचा दोष नाही. लोकांचा आहे.

रोहितकडे पोचलो तेव्हा गुरुजीच आले नव्हते. प्राणप्रतिष्ठा व्हायची होती. मूर्तीच्या तोंडावर रुमाल. मी घड्याळ दाखवून निघू लागलो तर रोहितच्या बायकोने हातावर चहाचा कप ठेवला. गुरुजी आले, मग पूजा, मग आरत्या. मी हळूच चपलांकडे सरकलो, तर कोणीतरी माझ्या हातात झांजा दिल्या. झांजा हातात असलेला माणूस आरतीतून उठू शकत नाही, ही गोष्ट कुठल्याही जर्नलमध्ये नोंदलेली नाही. नोंदवायला हवी.

मग मामांकडे. त्यांना फोनवरून आधीच कळलं होतं की आम्ही रोहितकडून येतोय. मला चिमूटभर खिरापत दिली. मोदकांचं ताट माझ्यासमोरून गेलं आणि थेट स्वयंपाकघरात नाहीसं झालं. नीलिमा मामांच्या पाया पडताना बराच वेळ वाकून राहिली. वर आली तेव्हा डोळे लाल. धुपामुळे असावं.

येताना तिने स्कूटर जोरात चालवली, त्यामुळे सरासरी वेग सुधारला.

८ सप्टेंबर, रविवार, दुपारी

मंदामावशींकडे आहे. उरलेली आठ घरं आज बसवायची आहेत, ही तिसरी. मावशी गुडघ्यांमुळे सावकाश चालतात. प्रसाद आणायला आत गेल्यात, अजून आत आहेत.

सरांचा फोन येऊन गेला. दोनदा. उचलला नाही. उचलला तर कुठवर आलास म्हणतील, आणि मधल्या टप्प्यावर निष्कर्ष सांगणं शास्त्राला धरून नाही.

नीलिमा म्हणाली, आता इथून सरळ सरांकडे जाऊ, आरतीची वेळ झाली, बाकीच्यांचा पाच दिवसांचा आहे, उद्यासुद्धा जाता येईल. मी नाही म्हटलं. तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली, खाली जाऊन रिक्षा थांबवली, त्याला हिंदीत काहीतरी सांगितलं आणि गेली. गेली तर गेली. एक प्रवासी कमी, मायलेज वाढेल.

८ सप्टेंबर, संध्याकाळी

मोहीम फत्ते. अकराच्या अकरा घरं!

स्कूटर स्वतः चालवली. नया नगरच्या गल्लीत एका पार्किंगवाल्याने अंकल म्हटलं, ते सोडून देतो. तीन घरी मोदक, दोन घरी करंज्या. पोटात फार झालं. पेणकरपाड्यात पोचलो तेव्हा अंगणात गुलाल पडला होता, रांगोळी पायांखाली पुसली गेली होती आणि घरात कोणी नव्हतं. सगळे खाडीवर विसर्जनाला गेले होते. दुर्गा आजी तेवढ्या दारात. त्यांना चालवत नाही.

आत पाट होता. पाटावर हळदकुंकू होतं, बाजूला समई तेवत होती. मी रीतसर नमस्कार केला. आजींनी झाकून ठेवलेला एक मोदक दिला. प्रसाद मिळाला म्हणजे दर्शन झालं. कॉम्प्युटरवर अकराव्या घरापुढे 'एक' हा आकडा टाकला. एक म्हणजे भेट झाली, शून्य म्हणजे नाही झाली. अकरा घरं, अकरा एक. एकही शून्य नाही.

नीलिमा बरीच उशिरा आली. केसांत गुलाल होता. कुठे होतीस विचारलं तर म्हणाली, जेवायला वाढते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

चौथा चॅप्टर झाला. शीर्षक: 'एम्पिरिकल व्हॅलिडेशन इन अ फेस्टिव्ह अर्बन नेटवर्क.' सात वर्षांत इतक्या झपाट्याने काही लिहिलं नव्हतं. खूप बरं वाटतंय. पाचवा चॅप्टर निष्कर्षाचा, तो काय, एका बैठकीत होईल.

पंढरीनाथमामांनी फॅमिली ग्रुपवर सगळ्यांना मोरया टाकलं. मला आणि नीलिमाला टाकलं नाही. ग्रुपवर एकाच मेसेजमध्ये दोन माणसं कशी वगळता येतात, यावर खरं तर पेपर होईल. सगळ्यांना नावं घेऊन टाकलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कमिटीपुढे प्रेझेंटेशन. एकंदरीत उत्तम झालं.

समोर तिघं. त्यात एक बाहेरून आलेले एक्स्पर्ट, चष्मा कपाळावर, बिस्किटं भरपूर खाणारे. मागे पीएचडी करणारी पोरं, आणि संचिता, उगाचच. मी नकाशा दाखवला, जुनी वाट, नवी वाट, एक तृतीयांश बचत. एक्स्पर्टनी विचारलं, अकराही ठिकाणी वेळेत पोचलात? मी म्हटलं, ऑल इलेव्हन नोड्स व्हिजिटेड. त्यांनी यादी वाचली आणि सरांकडे वळले. म्हात्रे, अकरावं घर तुमचंच दिसतंय. आले होते का हे?

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. एक 'हो' म्हणायचं होतं. माझा गाइड! माझ्या डिग्रीसाठी एक अक्षर त्यांना जड झालं. मग खाली बघत म्हणाले, गनपती खाडीत गेल्यावर आला. पाट होता. पाटाच्या पाया पडला.

मागची पोरं फुटली. एक्स्पर्टच्या तोंडातून बिस्किटाचा चुरा उडाला. सर पुढे म्हणाले, त्याची मिसेस आली होती येळेवर, रिक्षानी.

एक्स्पर्टनी मग नकाशावर बोट फिरवलं. वाट बंद आहे, उलटीकडून फिरला असतात तर अंतर तितकंच राहिलं असतं आणि हे घर पहिलं आलं असतं. सात वर्षांत एवढं सुचलं नाही?

मी म्हटलं, तो फ्युचर स्कोपचा भाग आहे.

निर्णय: कुठल्या घरी कुठल्या वेळेच्या आत पोचायलाच हवं, ही अट मॉडेलमध्ये घाला आणि ३१ डिसेंबरच्या आत सबमिट करा. म्हणजे तत्त्वतः मान्यता मिळाली.

२० ऑक्टोबर, रविवार

नीलिमाला ऐकवलं की तुझ्या सरांनी मला भर सभेत बुडवलं. आणि तू त्या दिवशी त्यांच्याकडे गेलीस हे मला कमिटीकडून कळावं?

ती भाजी निवडत होती. हात न थांबवता बोलली. म्हणाली, आरती झाली होती. मूर्ती उचलायची वेळ झाली. बेंजोवाले घाई करत होते, खाडीचं पाणी ओसरायला लागलं होतं, बायका खोळंबल्या होत्या. सर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, तुमची स्कूटर दिसते का बघायला. आजी म्हणाल्या, थांबा, बाबाजीचा विद्यार्थी येतो हाय, त्याची आरती चुकेल. मग वेळ काढायला सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरती म्हटली. सगळ्या आरत्या. तरी तुम्ही आला नाहीत. मग गणपती उचलला.

मी म्हटलं, एकाच गणपतीची दोनदा आरती, हे साधनांचं अकार्यक्षम नियोजन आहे.

ती भाजी निवडत राहिली. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सर रस्त्यावर उभे, हे डोळ्यांपुढून जाईना. फोन दोनदा आला होता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीमुळे काही झालं नाही. हवा दमट आहे.

कॉलेजात कुजबुज आहे की डिग्रीचं को-ऑर्डिनेटरपद संचिताला. मुलगी हुशार आहे असं सगळे म्हणतात. हुशारी आणि हजेरी यांतला फरक या कॉलेजला कधी कळला नाही.

तिने स्वतःहून वेळेच्या अटीचा कोड पाठवला. चालवला नाही. चालवला तर चालेल, आणि मग पाचवा चॅप्टर तिचा म्हणावा लागेल. स्वतः लिहीन.

पर्ट चार्टची सातवी आवृत्ती. रंग बदलले.

८ डिसेंबर, रविवार

सरांचा फोन. गणपतीचा विषय नाही, कमिटीचा विषय नाही. म्हणाले, सबनीस, जे असंल ते घेऊन ये. ३१ला मी डिपार्टमेंटला बसतो, सही करतो. माझ्या सहीशिवाय ते लोक थिसिस घेनार न्हायत.

जे असंल ते! पीएचडी म्हणजे काय भाजीबाजार आहे? मी म्हटलं, सर, आणीन तर पूर्ण आणीन, पाच चॅप्टर, हार्डबाउंड, सोनेरी अक्षरांत. सर म्हणाले, बरं. आजकाल सगळेच मला बरं म्हणतात.

पाचवा चॅप्टर सुरू केला. पहिलं वाक्य फार चांगलं जमलं. दुसऱ्याची घाई नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार, दुपारी

पाचव्या चॅप्टरची दोन पानं झाली आहेत.

सकाळी नीलिमा म्हणाली, आहे तेवढं घेऊन निघा, मी रजा टाकते, स्कूटरवर सोडते. भावनेच्या भरात निर्णय घेणं मला जमत नाही. बसून हिशोब मांडला. उरलेलं लिखाण, प्रिंट, बाइंडिंग, पेणकरपाड्याहून हायवेचा ट्रॅफिक, युनिव्हर्सिटीचं ऑफिस बंद व्हायची वेळ. कुठलीही वाट घेतली, कुठलाही क्रम लावला, तरी पाच हार्डबाउंड चॅप्टर आज ऑफिस बंद व्हायच्या आत पोचत नाहीत. गणिताने सिद्ध होतं की उपायच अस्तित्वात नाही. सिद्धता एका पानात बसली. अतिशय स्वच्छ, सुंदर. सात वर्षांतलं माझं सर्वोत्तम काम म्हणायला हरकत नाही.

जी गोष्ट अशक्य आहे असं सिद्ध झालं, तिच्यासाठी धावत सुटणारा माणूस ऑपरेशन्स रिसर्चचा नव्हे. नीलिमाला ते पान दाखवलं. ती कामावर निघून गेली.

जेवून थोडा पडलो. शांत झोप लागली.

३१ डिसेंबर, संध्याकाळी

सरांचा फोन आला. उचलला.

डिपार्टमेंटमधून बोलत होते. सकाळपासून बसले होते. थिसिस सेक्शनच्या माणसाला सांगून ठेवलं होतं की माझा एक येनार हाय, खिडकी लगेच बंद करू नको. तोही थांबला होता. चार चॅप्टर स्पायरल करून आणले असतेस तरी चाललं असतं, म्हणाले, पाचवा नंतर जोडता येतो, सगळेच तसं करतात. माझ्या सिद्धतेत हार्डबाउंड धरलं होतं. पाचही धरले होते. कोणी धर म्हणालं नव्हतं.

मी म्हटलं, सर, मला वाटलं नव्हतं तुम्ही खरंच बसाल.

सर म्हणाले, बसलो होतो.

मागे शिपाई दिवे घालवत असावा, सर त्याला एक मिनिट म्हणाले. मला वाटलं, आता रागावतील. मनापासून वाटलं, रागवावं. सात वर्षांत एकदाही रागावले नाहीत. आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाले, घरी ये कवातरी, वहिनींना घेऊन ये. मी विचारलं, कधी येऊ सर?

सर म्हणाले, ये कवापन. आता काय घाई न्हाय.